अंगणातल्या सहा वाफ्यांचा नकाशा

रविवार, २ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

थंडी ओसरली. चहा घेऊन मागच्या अंगणात उभा राहिलो आणि एकदम ठरलं. यंदा भाजीपाला लावायचा. बारा फूट बाय साडेनऊ जागा नुसती पडून आहे. कपड्यांची दोरी, एक मोडकी सायकल, बाकी सगळी माती. ऊन आठ ते दोन. सव्वीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे काढतोय, स्वतःच्या अंगणाचा एकही नाही. आज काढला. सहा वाफे : टोमॅटो, घेवडा, पालक, मुळा, काकडी, आणि एक राखीव.

हिने विचारलं, ताईंच्या खोलीचा नकाशा काढताय का? म्हटलं, साधारण त्याच जागेचा.

नोंद म्हणून लिहून ठेवतो : माझी मोठी बहीण, ताई, मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टर आहे. आता रिटायर होतेय. क्वार्टर एप्रिलअखेर सोडायचं. ती आमच्याकडे राहायला येणार आणि तिच्यासाठी मागच्या अंगणात खोली बांधायची, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे ही बोलली आणि मी मान हलवली.

एप्रिलला अजून खूप वेळ आहे. पालक तर महिन्यात येतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर चार मजल्यांच्या संडासांच्या पाइपलाइनी. संध्याकाळी खणायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. शिवाय लागवडीआधी मातीला विश्रांती द्यावी लागते. कन्या आठवीत आहे. म्हणाली, बाबा, माती माझ्या जन्माआधीपासून विश्रांतीच घेतेय. हल्लीच्या मुलांना शेतीची काही माहिती नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

गवंडी येऊन टेप लावून गेला. म्हणाला, एक मार्चला काम धरलं तर एप्रिलच्या मध्यावर खोली तयार. नकाशा तेवढा द्या, तुम्हाला काय, एका संध्याकाळचं काम. मी अडचण सांगितली की खोली झाली तर स्वयंपाकघराचा उजेड जाईल. तो म्हणाला, छताला काच ठेवू. हे मला सुचलं नव्हतं असं नाही.

मग त्याला माझा नकाशा दाखवला. बराच वेळ बघत होता. हे गोल गोल काय आहे, म्हणाला. टोमॅटो, मी सांगितलं. "मग खोली?"

म्हटलं, दोन्हींचा मेळ घालतोय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मेळ बसला. अर्ध्या अंगणात खोली, अर्ध्यात तीन वाफे. खोलीची रुंदी पावणेपाच फूट येते. ताईची कॉट लांबीने बसते. दार मात्र बाहेरच उघडावं लागेल, म्हणजे घेवड्यात. हिला दाखवलं. तिने कागद नीट पाहिला, टेबलावर ठेवला आणि कपडे वाळत घालायला गेली. विचार करायला वेळ हवा असेल. घाई नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

ताईचा फोन. खोलीचं काही विचारलं नाही. एवढंच, की तिचं कपाट आणावं की तिथेच कुणाला देऊन टाकावं. मी म्हटलं, बघू. मग तिला बागेबद्दल सांगितलं, वाफ्यांची मापं, दोन रोपांमधलं अंतर, सगळं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "लाव की. मी येईन तेव्हा खुरपेन." म्हटलं, गुडघे? म्हणाली, स्टुलावर बसून.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई एकोणीस. तिने कॉलेज सोडलं आणि मला शाळेत पोचवायला लागली. हे इथे आधी लिहिलं नाही, कारण भाजीपाल्याशी त्याचा संबंध नाही.

रविवार, २ मार्च

प्रत्यक्ष कामाला सुरुवात. सात वाजून दहा मिनिटांनी खणायला घेतलं. सात पंचवीसला दगड लागला. सात सव्वीसला कंबर. दिवसभर आडवा. कन्येने शेकायची पिशवी आणून दिली आणि विचारलं, दगड निघाला का. दगड आहे तिथे ठीक आहे.

पण दिवस वाया घालवला नाही. पडल्या पडल्या टोमॅटोचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, काढलं. आधाराच्या काठ्या, सुतळीच्या गाठी, सकाळी नऊची सावली. गेल्या दहा वर्षांत इतकं सुंदर ड्रॉइंग माझ्या हातून झालेलं नाही. बघता बघता कंबर विसरलो.

गवंड्याचा निरोप आला होता, नकाशा झाला का. कंबरेचं कळवलं.

सोमवार, १० मार्च

रोपं घरातच तयार करायची, असा शास्त्रशुद्ध निर्णय. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत माती भरून सगळं बी पेरलं आणि डबे फ्रिजवर ठेवले. ही पहाटे लॅबला जाते, दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासते, त्यामुळे तिची चिडचिड समजू शकतो. डबे आता बाथरूमच्या खिडकीत आहेत. चार कोंब आले. कशाचे ते सांगता येत नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या आंघोळीच्या पाण्याने धुऊन गेल्या.

रविवार, १६ मार्च

दुपारी जेवणं झाल्यावर हिने ताटं उचलली नाहीत. तशीच बसून राहिली. म्हणाली, "तुम्हाला ताई इथे नको असतील तर तसं सांगा. मी बोलते त्यांच्याशी. पण त्यांना असं टांगून ठेवू नका."

म्हटलं, नको असं कोण म्हणालं?

"मग नकाशा द्या."

देतो, म्हटलं. तिने ताटं उचलली.

खरं तर ताई मला हवीच आहे. फक्त ती आली की घरातही मी लहान होतो. ऑफिसात तर आहेच. आणि तिने एकदा विचारलं, काय रे, दमलास का, तर काय सांगायचं, याची तयारी अजून झालेली नाही.

या आठवड्यात नकाशा. नक्की.

रविवार, ३० मार्च

नकाशा हाती घेतला. कागद ताणून लावला. कोपऱ्यात चौकट आखली, तीत 'ताईची खोली', स्केल, तारीख. उत्तर दिशेचा बाण काढला. बाण फारच छान आला. तेवढ्यात जेवायची वेळ झाली.

कोंब जमिनीत लावले होते. तीन उन्हाने गेले. चौथा जोमात आहे, पण हिच्या मते ते गवत आहे.

गवंड्याचा फोन आला. आता धरलं तरी एप्रिलअखेर गिलावा सुकणार नाही, म्हणाला. मग मेमध्ये करू. तोवर ताई पुढच्या खोलीत भागवेल, तिचं काही अडत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, १२ एप्रिल

ताईचा फोन हिने घेतला. मी अंगणात होतो, चौथ्याला पाणी घालत.

हॉस्टेलच्या स्वयंपाकीणबाईही रिटायर झाल्या आहेत. एकट्याच असतात, दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. ताई त्यांच्याकडे राहायला जाणार आहे. दोघींना सोबत होईल, दवाखाना जवळ आहे, असं बरंच काही सांगितलं म्हणे. कपाट देऊन टाकलं. शेवटी म्हणाली, "त्याचं अंगण मोडायला नको. एवढ्या हौसेने करतोय."

हिने हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं, पर्स उचलली आणि बाहेर पडली.

हलकं वाटलं. साधारण दहा मिनिटं.

मग बोर्डवरचा कागद घेऊन बसलो आणि खोलीचा नकाशा पुरा केला. नऊ बाय दहा. पूर्वेला खिडकी, छताला काच, कपाटाला कोनाडा, उंबरा नाही, एकच पायरी आणि तीही चार इंचांची, गुडघ्यांसाठी. एक तास चाळीस मिनिटं लागली. कुठेही खाडाखोड नाही. गुंडाळी करून माळ्यावर ठेवला.

रविवार, २७ एप्रिल

ताईचं सामान हलवलं. ही, कन्या, मी आणि टेम्पोवाला. इमारतीला लिफ्ट नाही. ट्रंक मी आणि टेम्पोवाल्याने वर नेली. ताई मागून येत होती. एका पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, मग पुढची. प्रत्येक मजल्यावर थांबून जाळीतून बाहेर बघत होती, जणू काही बघण्यासारखं आहे. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

ट्रंक खाली ठेवून मी भिंतीला टेकलो. ताई आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रे, दमलास का?"

म्हटलं, छे.

स्वयंपाकीणबाईंनी सरबत केलं. ताईची कॉट त्यांच्या शिलाई मशीनला लागून आहे. रात्री उठताना पाय आपटणार. मी मनातल्या मनात मशीन दुसऱ्या भिंतीला हलवून पाहिलं. तिथे दार येतं.

ताईने विचारलं, भाजी कशी आहे तुझी? म्हटलं, चांगली आली आहे. ती स्वयंपाकीणबाईंना म्हणाली, "हा लहानपणापासून असाच. एकदा मनावर घेतलं की सोडत नाही." ही ग्लास विसळायला आत गेली. कन्या माझ्याकडे बघत राहिली, पण काही बोलली नाही. बोलली असती तर चाललं असतं.

परतताना बसमध्ये तिघांना तीन वेगवेगळ्या जागा मिळाल्या.

घरी आलो. अंगण आता पूर्ण मोकळं आहे. कुणाची काही हरकत नाही. खुर्ची टाकून थोडा वेळ बसलो. ऊन फार होतं, आत आलो.