एका पट्टीचे दोन सूर

१२ जानेवारी, रविवार

पियानो बिघडला. वरचा भाग सगळा. एक पट्टी दाबली की दोन सूर! एक खरा, आणि त्याला चिकटून दुसरा — किंचित चढा, आंबलेला. काल माजिवड्याच्या लग्नात पण तसंच वाटलेलं, पण तो भाड्याचा कीबोर्ड, तो कोण जपतंय! घरचा पण? गेल्याच महिन्यात सूर लावून घेतलाय.

डोंबिवलीची हवा. एमआयडीसीतून परवापासून पुन्हा तो गोडूस वास येतोय. माझ्यासोबत वाजवणारा नयन नेहमी म्हणतो, पियानो ठेवायचं गाव नाही हे.

मला सर्दी पण झालीय. लवकर झोपते.

१३ जानेवारी

मोबाइलवरच्या ट्यूनरनं तपासलं. पट्टी न् पट्टी. पियानो बरोबर आहे.

१६ जानेवारी

डावा कान बंद केला की बरं. उघडला की दोन-दोन. फोन डाव्या कानाला लावला तर नयनचा आवाज खेळण्यातल्या बाहुलीसारखा — मी हसलेच. तो विचारतोय, काय झालं? म्हटलं, काही नाही, तू बोल.

मळ असेल. ड्रॉप्स आणलेत. शनिवारी नौपाड्यात वाढदिवस, रविवारी परत लग्न. सीझन आहे, आत्ता डॉक्टर कुठे! नंतर बघू.

२४ जानेवारी

नौपाड्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबा. डाव्या बाजूला मी नुसतीच बसून होते. मग कळलं, आवाज देऊन झाले होते.

"कधीपासून आहे?"

"दहा-बारा दिवस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कानाची नस एकाएकी बसते, कधीकधी कारण सापडत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर बरंच परत आलं असतं. आता गोळ्या, मग कानातून इंजेक्शन. बघू. "तुम्ही काय करता?"

पियानो वाजवते, म्हटलं. जॅझ.

"अरे वा! छंद चांगला आहे."

बाहेर आले. वडापावच्या गाडीपाशी उभी राहिले, कितीतरी वेळ. मागून रिक्षा येतेय का पुढून, कळेना.

२६ जानेवारी, रविवार

कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय! पुढच्या महिन्यात ठाण्यात कार्यक्रम आहे.

हा कार्यक्रम काय आहे ते इथे तरी लिहून ठेवते. छप्पन्न वर्षांची झाले. एकोणिसाव्या वर्षापासून वाजवतेय. मुंबईत हॉटेलांच्या लॉबीत — लोक सामिष का निरामिष ठरवत असताना मी मागे. जहाजावर दोन वर्षं. जर्मनीत एकदा, तंबूत, चिखलात उभे राहून लोक ऐकत होते आणि शेवटी बूट आपटत होते — तेवढं एक खरं. एक सीडी, जिचे गठ्ठे अजून नयनच्या पोटमाळ्यावर आहेत. मग लॉब्यांमधले पियानो गेले, स्पीकर आले. मग पियानोच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या शिकवण्या, आणि लग्नं. 'मॅडम, जरा ओळखीचं वाजवा ना.'

पण ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत माझ्या नावावर कार्यक्रम कधीच झाला नाही. आमच्या चाळीतली माणसं अजून समजतात मी ऑर्केस्ट्रात आहे. मितेश म्हणून एक मुलगा आहे, ठाण्यात शास्त्रीय गाण्याच्या मैफिली लावतो. दिवाळीत स्वतःहून आला. "ताई, तुम्ही इथल्या आहात आणि आम्हीच ऐकलं नाही, हे बरोबर नाही." पोस्टरवर 'मेघना जाधव ट्रायो' — आम्ही तिघं. माझं गाव, माझं नाव.

आणि आता हा कान.

२ फेब्रुवारी, रविवार

गोळ्यांनी तोंड सुजलंय. फरक शून्य. इंजेक्शन झालं, पडद्यातून. कानात समुद्र. सरावाला बसले आणि उठले. वरच्या सप्तकात हात गेला की कुणीतरी शेजारी बसून मला वेडावतंय असं वाटतं. खालचे सूर बरे आहेत, अजून एकेकटे आहेत.

मिस डोरीनची आठवण आली. कल्याणच्या रेल्वे कॉलनीत आई तिच्याकडे भांडी घासायची, मी पायरीवर बसायचे. एकदा म्हणाली, आत ये, हात धू. जॅझ तिनंच दिलं. ऑस्ट्रेलियाला जाताना पियानो माझ्या नावावर करून गेली. "चुकलीस तर तेच पुन्हा वाजव, मग लोकांना वाटतं मुद्दाम वाजवलं." मिस, इथे चूक माझ्या हाताची नाहीच ना!

८ फेब्रुवारी

म्हाताऱ्या बापावर ओरडले, अप्पांवर. पाणी हवंय का, पाणी हवंय का — मी चार वेळा विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, मशीन लावत नाहीत. नेहमीचं. पण आज ओरडून झाल्यावर मलाच रडू आलं आणि ते बघत राहिले.

मग म्हणाले, "कुठला कान?"

नकळत माझा हात डाव्या कानाकडे गेला.

"एका सुराचे दोन ऐकू येतात का गं, मेघे? एक जागेवर, एक वर?"

मी कुणालाही सांगितलेलं नाही. डॉक्टर सोडून कुणालाही!

९ फेब्रुवारी, रविवार

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते.

अप्पा क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमध्ये. लग्नं, वराती, चौदा एप्रिलची मिरवणूक — कल्याणात जगन मास्तर पुढे असला की लोक गॅलरीत यायचे. आणि एक दिवस सोडलं. मी एकोणीसची होते, धाकटा प्रशांत दहावीला. घरी बसले, दारू प्यायला लागले. आई आधीच कामाला जायची, मग मीही हॉटेलात लागले, कॉलेज सोडून. सगळे म्हणायचे, जगननं दारूपायी पोरांचं नुकसान केलं. मीही म्हणायचे. तोंडावर म्हटलेलं आहे, एकदा नाही.

काल सांगितलं त्यांनी. खूप हळू, मला ऐकू जाईल का याचा विचार न करता. मी उजवा कान त्यांच्या तोंडापाशी धरला होता.

"उल्हासनगरची वरात होती. मला वाटलं पोरं बेसूर वाजवतायत. आईबहिणीवरून शिव्या घातल्या. पोरं बिचारी एकमेकांकडे बघायला लागली. घरी येऊन एकटा वाजवलं — तरी बेसूर! तेव्हा कळलं."

"डॉक्टरकडे गेला नाहीत?"

"गेलो की. म्हणाला, बाजा वाजवून झालं असेल."

"मग सांगितलं का नाही कुणाला? आईला तरी?"

अप्पांनी चादरीची घडी केली, मोडली. "दारूपायी सोडलं म्हटलं तर लोक दोन शिव्या देतात आणि विसरतात. वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही म्हटलं तर हसतात. दारू नंतर आली, मेघे. आधी नव्हती."

आधी नव्हती.

सदतीस वर्षं मी याच माणसाला धडा शिकवायला वाजवत होते. बघा, तुम्ही सोडलंत, मी सोडलं नाही!

मी विचारलं, मग मी काय करू?

"मला काय माहीत? मी सोडलं."

१५ फेब्रुवारी, शनिवार

नयनकडे तालीम. सत्तावीस वर्षं हा माणूस माझ्या उजव्या हाताला बास गिटार घेऊन उभा आहे. बँकेत नोकरी केली, माजिवड्यात संसार केला, पण माझी तारीख कधी चुकवली नाही. ड्रम्सवर सुशांत, तो नवा.

दुसऱ्याच गाण्यात नयननं हात थांबवला. "माझ्या घरात का घुसतेयस?"

"काय?"

"सगळं खाली वाजवतेयस. तिथे मी राहतो. तुला वर एवढी जागा आहे, जा ना."

सुशांत हसला. मी हसले नाही. नयनला कळलं. सुशांतला चहा सांगायला पाठवलं आणि स्टूल ओढून शेजारी बसला. सांगितलं सगळं. तो माझ्या डाव्या बाजूला बसला होता. उठून उजवीकडे आला.

"मितेशला सांगूया. पुढे ढकलू."

"कुठपर्यंत ढकलू, नयन?"

त्यानं बासची एक खुंटी उगाच पिळली. शेवटी म्हणाला, "तू खाली राहा. मी अजून खाली जातो." मग डोळे पुसायला म्हणून चष्मा काढला आणि चष्माच पुसत बसला.

१९ फेब्रुवारी

प्रशांतचा फोन. सगळे येणार आहेत — तो, वहिनी, पोरी. भाऊ असून कधी ऐकलं नाही मला! अप्पांनाही गाडीतून आणतो म्हणाला. "साडी कुठली नेसणार?" अजून ठरवलं नाही.

कापूस आणि मेण. कान पूर्ण बुजवला तरी पियानोचा आवाज हाडातून आत येतो. पण थोडं कमी होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

हॉल भरलेला होता. मितेशनं कुठून कुठून माणसं आणली. पहिल्या रांगेत प्रशांत, वहिनी, पोरी. कडेला अप्पा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पहिली दोन गाणी खालच्या खाली निभावली. ब्लूज तर बरा गेला. एकदा सुशांतनं ड्रमवर नुसत्या ब्रशनं असं काही धरलं की मी कान विसरले.

मग 'पत्रीपूल'. माझं स्वतःचं. ते वरूनच सुरू होतं, अगदी वरून, रिकाम्या पुलावरून एकटं माणूस चालल्यासारखं. मी ते खाली उतरवायचं ठरवलं होतं. ऐन वेळी लाज वाटली. आपल्या गावात, आपलं गाणं, आणि चोरून? हात वर नेला.

दोन पियानो वाजायला लागले. दोन नाही, चार. कापूस, मेण, काही उपयोग नाही. मग स्टेज डावीकडे कललं. खरंच कललं — मी पियानोची कड धरली. दोन्ही हात उचलले गेले.

शांतता. आणि नयन सुरू झाला. एकटा. माझीच ओळ, बासवर, खाली, सावकाश, जणू असंच बसवलेलं होतं. शेवटी मी तळातला एक कॉर्ड दिला. दिवे. टाळ्या.

टाळ्या थांबेनात! कुणाला कळलं नाही. प्रशांत आत आला, डोळे ओले. "काय वाजवलंस गं! आणि तो मधला गिटारवाला एकटा — भारी!" मितेश म्हणतोय, जूनमध्ये परत करू. मी मान हलवत होते. डावीकडून कोण काय बोलत होतं, ठाऊक नाही.

अप्पांना ऐकू काहीच गेलं नसणार. गाडीत बसताना माझा हात धरून ठेवला. "हात उचललेस तेव्हाच कळलं मला," एवढंच म्हणाले.

२५ फेब्रुवारी

मितेशला कळवलं, यापुढे नाही. कारण विचारत होता. तब्येत, म्हटलं. नयनला म्हटलं, मुंबईच्या कुणाला तरी घे पियानोवर, ट्रायो मोडू नको. तो म्हणाला, बरं. इतक्या लवकर बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं, फोनवर तो बोलूच शकत नव्हता.

पियानोवर चादर टाकली. अप्पा बघत होते. हे असंच असतं, हे त्यांच्याहून कुणाला जास्त माहीत!

सोडणं घरात आहे आमच्या.

२६ फेब्रुवारी

जिन्यात पडले. पुन्हा ते कलणं. गुडघा फुटला. प्रशांत येऊन डॉक्टरांकडे घेऊन गेला. चक्कर म्हटल्यावर डॉक्टर एकदम सरळ बसले. डोक्याचा एमआरआय करा, उद्याच. प्रशांत मला विचारतोय, "कान? कसला कान? ताई, तू सांगितलं का नाहीस?"

काय सांगू! अप्पांचं वाक्य तोंडावर आलं होतं — लोक हसतात.

२७ फेब्रुवारी

एमआरआय झाला. नळीत डोकं. ठोके, ठोके. उजव्या कानात वेगळे, डाव्यात वेगळे. रिपोर्ट सोमवारी.

३ मार्च, सोमवार

डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. साधी, जिवाला तसा धोका नाही म्हणाले. पण वाढतेय, काढावी लागेल. आणि काढताना तो कान जाणार. पूर्ण. जे काही उरलंय तेही. प्रशांतनं माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, म्हणाले, "सॉरी, मॅडम."

मी विचारलं, म्हणजे त्या कानातून काहीच येणार नाही?

"काहीच नाही."

ते चढं, आंबलेलं — तेही नाही? एक पट्टी दाबली तर एकच सूर?

ते जरा गोंधळले. "हो. एकच. उजव्याचा."

पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाले, एकच.

जवळात जवळची तारीख मागितली.