खाणीच्या वळणावरची माती

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

लालबाग, मुंबई
दि. २१ एप्रिल २०२४

ती. वन्संना शांताचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही तिघं देवाच्या कृपेने ठीक आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळायला मार्ग नाही. रेंज वर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, आणि तुम्ही चढ चढून सड्यावर जात नाही. म्हणून पत्र. तसंही फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणायचात आणि ठेवायचात. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

मंगळवारी चालत प्रभादेवीला जाऊन आले. तुमच्या नावाच्या दूर्वा वाहिल्या. तुमच्या कोकमाची बरणी पाडव्याला संपली.

आता बातमी. मनवाने निळी पिकअप चालू केली.

हे वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पुढे वाचा. त्या गाडीवर तुमचा राग आहे आणि तो का आहे ते मला ठाऊक आहे. ती गाडी पुन्हा माझ्या दारात आणू नका, असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही आणली नाही. नऊ वर्षं ती रे रोडला, ह्यांच्या शेठच्या लाकडाच्या वखारीत, मागच्या भिंतीला लावून ठेवली होती. हौद्यात पिंपळ उगवला होता.

दोन वर्षांपूर्वी मनवा म्हणाली, मी ती उभी करते. तुमची भाची बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण अठरा फिटरांत ती एकटी मुलगी आहे हे मी कधी लिहिलं नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी ती वखारीत. इंजिन उतरवलं, खोललं, पुन्हा चढवलं. मागच्या स्प्रिंगांचे पाटे बदलले. हौद्याचा गंजलेला पत्रा कापून नवा बसवला. हमाल सुरुवातीला विचारायचे, ताई, भंगारवाला पाठवू का. मार्चमध्ये गाडीचं पासिंग झालं तेव्हा त्यातल्याच एकाने स्वतःच्या पैशाने नारळ आणून फोडला. मी डबा घेऊन गेले होते, मी पाहिलं. वन्सं, तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि मला वाटलं, दृष्ट काढावी ती या हातांची.

हे तिथे दर रविवारी असायचे, पण ओंडक्यावर बसून. पाना मागितला की पाना द्यायचे. गाडीला हात लावत नव्हते.

राहिलेत ते टायर. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे मागून लावले होते. मनवा म्हणते त्यात तीन प्रकार. एक डांबरी रस्त्याचा, खाचा बारीक. एक मधला, दोन्हीकडे चालणारा. तिसरा खास चिखलाचा, त्याच्यावर मोठमोठे गट्टू आणि त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी. तिसरा महाग, डिझेल जास्त पितो, डांबरावर घूं घूं आवाज करतो आणि लवकर झिजतो.

म्हणून तुम्हाला विचारते. आपल्या घरापासून सड्यापर्यंतच्या चढावर पंचायतीने दगड टाकले का? की पावसात अजून माती तशीच होते, खाणीच्या वळणावर व्हायची तशी?

कशासाठी विचारते ते पुढे लिहीन.

तुमची,
शांता


॥ श्री ॥

लालबाग
दि. १९ मे २०२४

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमच्या वाडीतला शिवा परवा एसटीने आला आणि तुमची पिशवी घरी पोचवून गेला. कोकम मिळालं. कुळीथ मिळाले. आणि डाळीच्या जुन्या पिशवीत बांधलेली ती तांबडी माती मिळाली. वर तुमची चिठ्ठी, एका ओळीची. ‘खाणीच्या वळणावरची आहे.’

शिवाने सांगितलं की त्याने माती आणून देतो म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाही. काठी टेकत स्वतः तिथवर गेलात आणि मधे दोनदा बसलात. वन्सं, मी ती पिशवी देवापुढे ठेवली. मनवाला वाटलं मी वेडी झाले.

मग शनिवारी आम्ही तिघं टायर बघायला गेलो, ठाकूरद्वारच्या पुढे. मी घरातली जुनी परात घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि तुमची माती. दुकानदार उन्मेषशेठ म्हणून आहेत, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, वहिनी, भाकऱ्या थापायला आलात का? मी म्हटलं, हो, तुम्ही तीन टायर आडवे मांडा.

तिथेच फुटपाथवर बसून माती भिजवली. आधी घट्ट झाली, मग पाणी वाढवत थालिपिठाच्या पिठावर आणली, श्रावणात तिथे पायाखाली लागते तशी. इतकी वर्षं तो चढ चढले-उतरले आहे, हाताला बरोबर कळलं. मग तळहाताने तिन्ही टायरांत दाबून भरली. माणसं जमली. मनवा दुसरीकडे बघत उभी होती, ही बाई आपली नव्हेच अशी.

थोड्या वेळाने मनवाला म्हटलं, आता एकेक उभा कर आणि आपट. रस्त्याच्या टायरातली माती हललीच नाही. मधल्यातली अर्धी राहिली, खाचा बुजून गेल्या. पायातल्या रबरी चपलांचं त्या चढावर होतं तेच. चिखलाचा आपटला, आणि फटींतले गोळेच्या गोळे खाली पडले. टायर स्वच्छ. मनवाने माझ्याकडे असं काही बघितलं वन्सं, की मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हासुद्धा माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं.

तरी ती म्हणाली, आई, चारशे किलोमीटर डांबर आहे आणि दीड किलोमीटर चढ. हिशेबाने मधलाच घ्यायला हवा. हिशेब माझ्यापेक्षा जास्त कोण करतं आमच्या घरात? पण मी म्हटलं, आपण त्या दीडसाठी घेतोय.

मग रुंद की अरुंद हा प्रश्न आला. शेठ रुंद दाखवत होते. गाडी रुबाबदार दिसेल म्हणाले. मनवाचंही मन तिकडे चाललं होतं. तेव्हा हे बोलले. दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदा.

“अरुंद घे. चिखलाखाली कातळ आसा. टायर थंय पोचाक होयो.”

अकरा वर्षांत त्या वळणाविषयी ह्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी परात धुवायला घेतली.

शेवटी शेठनी एक जोडी काढली आणि बऱ्याच कमी भावात देतो म्हणाले, नवी कोरी. मनवाने मला शिकवून ठेवलं होतं की टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी चष्मा लावून वाकले. अठ्ठावीस, एकोणीस. म्हणजे पाच वर्षं गोडाऊनमध्ये पडून. मी रव्याच्या पाकिटावरची तारीख सोडत नाही, टायरची सोडीन? शेठ हसले आणि आतून यंदाच्या सहाव्या आठवड्याचे काढून दिले, पूर्ण भावात. मी घासाघीस केली नाही. मनवा दुकानाबाहेर येऊन म्हणाली, आई, तुला बरं नाही का?

ती गमतीने म्हणाली. पण स्वस्तातलं नको म्हणायला मला अकरा वर्षं लागली, हे तिला कसं कळणार?

अजून एक लिहायचं होतं. पानाची मागची बाजू कोरी आहे हे तुम्हाला दिसेलच. पण आज राहू दे.

तुमची,
शांता


॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

लालबाग
दि. ९ जून २०२४

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

आधी चांगलं सांगते, म्हणजे उरलेलं लिहायला बळ येईल.

टायर बसले. गेल्या रविवारी हमालांनी वखारीमागच्या उतारावर पिंपं ओतून गुडघाभर चिखल केला. हौद्यात चार माणसांच्या वजनाचे ओंडके घातले. मनवाने किल्ली ह्यांच्यापुढे धरली. हे नको नको म्हणाले. मग उठले, चपला काढल्या आणि अनवाणी गाडीत बसले. गाडी घसरली, थांबली, टायर खाली रुतले, आणि वन्सं, तिथे काहीतरी धरलं टायरांनी, आणि गाडी सरळ वर गेली. हमाल ओरडले. हे उतरले, खांद्यावरच्या पंचाने स्टिअरिंग पुसलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

आता उरलेलं.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणात आम्ही गावी यायला निघालो तेव्हा आठ दिवस आधी ह्यांनी मला गाडीपाशी नेलं होतं. मागच्या टायरांवर रुपया उभा धरून दाखवला, खाचेत तो बुडतच नव्हता. म्हणाले, पावसात वळण चढायचं नाही हे, बदलूया. मी म्हटलं, रिमोल्ड करून घ्या, जुन्यावर नवं रबर चढतं, अजून एक वर्ष जाईल. ते म्हणाले, रिमोल्डचा भरवसा नाही. मी म्हटलं, टायर पुढच्या वर्षी बघू.

पैसे नव्हते असं नाही. टायरांपुरते होते. पण मनवा दहावी पास झाली तर घरच्या देवाला चांदीचं निरांजन देईन, असं मी बोलले होते. ती पास झाली होती. ते पैसे मी निरांजनाला लावले. देव थांबला असता. मी थांबले नाही.

त्या निरांजनाचं तुम्ही किती कौतुक केलंत. वाडीतल्या बायकांना हाताला धरधरून दाखवलंत, शांतेने दिलं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या छातीत दुखलं. त्यांना गाडीत घातलं, आणि खाणीच्या वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रिमोल्डचं रबर सोलून निघालं. दीड तास गेला. मग खुर्चीत बसवून माणसांनी त्यांना सड्यावर नेलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर त्या गेल्या.

बाराव्याला सगळ्यांसमोर तुम्ही ह्यांना विचारलंत, “आवशीपेक्षा टायर म्हाग झाले रे तुका?”

हे मान खाली घालून उभे राहिले. मी चुलीपाशी होते. हातातलं पातेलं खाली ठेवून पुढे यायला मला चार पावलं होती. मी आले नाही. तेव्हापासून तुम्ही ह्यांच्याशी बोलला नाहीत, आणि मला मात्र दरवर्षी कोकम पाठवलंत.

ह्यांनी अकरा वर्षांत एकदाही, भांडणात नाही, तापात नाही, हा विषय माझ्यापुढे काढला नाही. मनवाला आजही माहीत नाही, तिलाही आज सांगेन. ह्यांचा मला अभिमान आहे, हे मी कुणाजवळ म्हटलं नाही, कारण कशाचा ते सांगावं लागलं असतं.

तुमची माती आली त्या दिवसापासून मला स्वस्थ झोप नाही. तुम्ही ती कुठल्या जागेवरून उचललीत, हे लिहून पाठवलंत. माझी परीक्षा घेत होतात की मला वाट करून देत होतात, मला कळलं नाही. काल मी ह्यांना म्हटलं, मी वन्संना सगळं लिहिते. तर म्हणाले,

“कशाक गो? तिचो माझ्यावरचो राग आता जुनो झालो. तुझ्यावरचो नवो होतलो. ह्या वयात तिका कित्याक तरास?”

वन्सं, हा तुमचा भाऊ. तुम्ही ज्याला आईपेक्षा टायर महाग म्हणालात, तो अजून तुमच्या त्रासाचा विचार करतो. हे तुम्हाला कळल्याशिवाय मी मरू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

मला क्षमा करा असं लिहीत नाही. मागायची ती तुमच्यासमोर उभी राहून मागेन, जर तुम्ही उभं राहू दिलंत.

आम्ही जुलैच्या पहिल्या रविवारी निघतो. उन्हाळ्यात तो चढ कुणीही चढेल, म्हणून मुद्दाम भर पावसात. मनवाने मुंबईत तुमच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर ठरवला आहे. गाडी खाली उतरवण्यात काही मोठेपणा नाही. ती वर चढवायची आहे, तुम्हाला पुढच्या सीटवर बसवून, ह्यांच्या शेजारी.

तिन्हीसांजेला आम्ही खाणीच्या वळणावर येऊन थांबू. तिथून आपली ओटी दिसते. हॉर्न वाजवणार नाही, हाक मारणार नाही. ओटीवर दिवा दिसला तर खाली येऊ. कुठलाही दिवा, ते निरांजनच हवं असं नाही. ते तुम्हाला आता डोळ्यांसमोर नको झालं असेल तर मी समजेन. दिवा नाही दिसला तर मी आणि मनवा गाडीतच बसू, आणि ह्यांना एकट्याला खाली पाठवीन. त्यांना आत घ्या. त्यांचा काही अपराध नाही.

दोन्ही पत्रांखाली ‘तुमची’ लिहिलं होतं. या वेळी लिहीत नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा पुन्हा लिहीन.

शांता