तळाची शिवण

प्रिय चिमणे,

जामिनावर सुटून आलीस तरी तू दार उघडत नाहीस, म्हणून हे तुझ्या वकीलबाईंच्या हाती देतोय. पायांची सूज उतरली का? हे तुझी आई विचारतेय असं समज.

दुकान रोज उघडतो. गिऱ्हाईकं येतात ती बॅगा घेऊन कमी आणि मला बघायला जास्त. विमान उडवायला निघालेली बॅग शिवणारा तो हाच का, म्हणून. मी त्यांना चेन बदलायचा भाव सांगतो.

ती बॅग मी तुझ्या लग्नात शिवली होती. मला कुणी शिकवलं नाही, जुन्या बॅगा उसवून उसवून शिकलो. पण माझी शिवण आजवर कुणी परत आणलेली नाही. त्या दिवशी विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, बॅग तुम्हीच भरली ना? तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस आणि हो म्हणालीस. आपली बॅग आपण भरायची, हे मी तुला शाळेपासून बजावत आलो. नवऱ्याने भरून दिली हे बापासमोर कसं सांगणार? एवढंसंच खोटं. पुढे झडतीत बॅग रिकामी केली तरी जड लागली, आणि त्यांनी तळ उसवला, तर आत बॉम्ब. भरलेलं विमान होतं गं. त्यात तू, आणि तुझ्या पोटातलं.

पोलिसांनी तो तळ माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी ताडकन म्हणालो, हा टाका माझा नाही. खरं तेच बोललो, पण बोलला तो माझा ताठा. मग कोणाचा, असं विचारल्यावर मात्र गप्प बसलो. जावईबापू हौसेने माझ्या शेजारी बसून शिकले होते. डावखुरे, त्यामुळे टाका उलटा कलायचा. मी म्हणायचो, तुमचा टाका सासऱ्याकडे पाठ करून बसलाय. तो हसायचा. तुझ्या आधी मलाच आवडला होता तो.

आता वकीलबाई सांगतात, उद्या कोर्टात तू म्हणणार, बॅग मीच भरली आणि तळही मीच शिवला. अगं, तुला धड बटण लावता येत नाही. तुझं म्हणणं, त्यालाही कुणीतरी फसवलं. बाळाचा स्वेटर ज्याने स्वतःच्या हाताने घडी करून बॅगेत ठेवला, तो असं करेल का, असं तू विचारतेस.

उद्या तुझ्याआधी माझी साक्ष आहे. टाका कोणाचा ते मी सांगणार आहे. तुझं बाळ तुरुंगात जन्मू नये, म्हणून आणि म्हणूनच. तुला ते भर कोर्टात, सगळ्यांदेखत कळायला नको, यासाठी हे पत्र. आणि एक गोष्ट. विमानतळावर जाताना टॅक्सीत तूच मला कौतुकाने सांगितली होतीस. स्वेटर ठेवताना त्याने बॅगेतून त्याचा कॅमेरा काढून घेतला, तुला ओझं नको म्हणून. स्वेटर जाऊ दिला त्याने. कॅमेरा ठेवून घेतला.

तू बोललीस न बोललीस, तरी तुझाच,
बाबा