सातव्या पायरीवरून

सोमवार, ता. ९

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तू पत्र फाडून टाकायच्या आधी निदान पहिला परिच्छेद वाचशील, एवढ्या भरवशावर लिहितोय.

परवा बसल्या बसल्या मोजलं, त्या चार सेकंदांच्या पडण्यात आपलं खरं काय काय गेलं. नऊ पायऱ्यांची एक शिडी. पडद्यावर चुना दिसावा म्हणून कालवलेली खळ, दोन बादल्या. अकरा बशा. चित्रपट कंपनीच्या मालकांनी ‘जरा जपून हं’ म्हणत दिलेला त्यांच्या घरचा सोफा. एक टोपी. यादी अजून आहे, पण सुरुवातीलाच सगळी नको.

इकडे सगळे ठीक. तुझी भावजय मजेत आहे आणि मी सोडून सगळ्यांशी गोड बोलते. थोरलीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे घरात माझ्यापेक्षा तिच्या तोंडाकडे बघून लोक जास्त हसतात. आपले कॅमेरावाले काका, तेच, हँडल फिरवताना मोठ्यांदा आकडे मोजणारे, आता निवृत्त झालेत. पण सवय जात नाही. परवा घरी आले तर कपात साखर ढवळताना मोजत होते. सोळा झाले तेव्हा थांबले.

आता मुख्य बातमी. आपला ‘रंगाऱ्याचा दिवस’ पुन्हा लागतोय! बारा मिनिटांचा, मुका, जुना, ओरखडे पडलेला. आणि लागतोय कुठे, तर चौकातल्या मोठ्या थिएटरात, हजार खुर्च्यांच्या. आपण दोघं जिथे बाहेर उभे राहून नुसती पोस्टरं वाचायचो ना, तिथे. येत्या शनिवारी, दुपारी तीनला. थिएटरच्या मालकांनी बाहेर माझं चित्र टांगलंय, पुरुषभर उंच, आणि खाली लिहिलंय: ‘पडावं तर यांनीच’. रस्त्यातून जाताना मी तिकडे बघत नाही. म्हणजे, एकदाच बघतो.

त्या दिवशी माझा सत्कार आहे. माझं आयुष्य कसं गेलं ते तुला माहीत आहेच. तिकिटं फाडणारा म्हणून लागलो, खुर्च्या झाडल्या, पोस्टरं चिकटवली, आणि मग एक दिवस ओल्या फरशीवरून असा घसरलो की सगळं कार्यालय हसलं. त्या हसण्याचा मी धंदा केला. त्यात माझं भांडवल एकच, माझे कान. तुला आठवतं ना? पहिली खेप दाखवायची शेजारच्या धुलाईवाल्या बायकांना, आणि मी बसायचो पडद्याच्या मागे, पडद्याकडे पाठ करून. चित्र बघायचंच नाही. नुसतं ऐकायचं. कुठे हसल्या, किती वेळ, दाबून हसल्या की पोट धरून, सगळं कागदावर. जिथे हसू नाही तिथे कात्री. आजही हजार माणसांच्या गर्दीत कुणाचं हसू कुठल्या रांगेतून आलं ते मी सांगतो. तुझं तर झोपेतही ओळखेन. आधी नाकातून सूं होतं, आणि मग भांडी पडल्यासारखं.

पत्रासोबत पास ठेवलाय. येणार नाहीस हे माहीत आहे. नऊ वर्षांत तू एका पत्राला उत्तर दिलं नाहीस, तेव्हा आता गाडी पकडून येशील असं मानण्याइतका मी भाबडा नाही. पण पास ठेवलाय.

एक गोष्ट लिहायची होती. आज जमत नाही.

तुझा
धाकटा


रविवार, ता. १५

ती. ताईस,

आज घरची खुशाली नंतर. आधी बोलायचं ते बोलतो, नाहीतर परत शेपूट घालेन.

त्या यादीत मी तुझा डावा गुडघा लिहिला नव्हता. शिडीखालच्या टबाच्या काठावर आपटला तो. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती.

लोकांना काय ठाऊक? त्यांना वाटतं ती ढगळ विजार, ती झुबकेदार मिशी आणि ती टोपी म्हणजे मीच. जमिनीवरचं सगळं पडणं माझं होतं, फरशी, साबण, बादली, गालिचा. पण तिसऱ्या पायरीवर माझी पाचावर धारण बसते, हे फक्त तुला आणि काकांना माहीत. शिडीवरून, गच्चीवरून, खिडकीतून जो पडला, तो मी नव्हेच. बाबांच्या हाताखाली घरं रंगवताना तू पडायला शिकलीस. “घट्ट राहिलं की मोडतं, सैल सोडलं की वाचतं,” असं मला दहादा सांगितलंस, पण माझं अंग काही सुटलं नाही.

त्या दिवशी टोपीला पिना लावायला आपण विसरलो. सातव्या पायरीवर शिडी कलली, टोपी उडाली, आणि तुझी वेणी बाहेर आली, कमरेपर्यंत. तोंडावर मिशी, मागे वेणी! आणि तू काय केलंस? हवेत, पडता पडता, दोन्ही हातांनी वेणी गोळा केलीस आणि डोक्यावर खोचायला गेलीस, स्वयंपाकघरात कुणी पाहुणा आल्यासारखी. मग टब.

तू प्लॅस्टरमध्ये होतीस तेव्हा मी धुलाईवाल्या बायकांना तो भाग दाखवला. तू विचारलंस, “काय म्हणाल्या?” मी म्हणालो, “हसल्याच नाहीत गं. वेणी दिसली आणि सगळं थंड पडलं. कापलं मी.” तू म्हणालीस, “पडूनसुद्धा हसू येत नसेल, तर पडायचं कशाला?” आणि कुबड्या काखेत घेऊन गेलीस ती गेलीसच.

ताई, त्या हसल्या होत्या. मी चौदा सेकंद मोजले. एक बाई तर खुर्चीवरून खाली आली. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी सहाच्या वर हसलं नव्हतं. पडद्यामागे बसून मी ते चौदा ऐकले आणि कात्री उचलली. इतकंच. हसू नाही म्हणून कापलं नाही. हसू तुझं होतं म्हणून कापलं.

हातभर लांबीचा तुकडा, जेमतेम दीड सेकंदाचा. तेव्हापासून सुयांच्या डबीत ठेवला होता. फेकून द्यायची हिंमत झाली नाही, आणि डबी उघडायचीही नाही. तुझ्या भावजयीने एकदा विचारलं, “यात काय आहे हो?” मी म्हणालो, “सुया.” चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवारी डबी उघडली. मशीनवाल्याला म्हणालो, “जरा बाजूला हो,” आणि माझ्या हाताने तो तुकडा जागच्या जागी चिकटवला. तो म्हणाला, “साहेब, उद्या सत्कार आहे तुमचा.” मी म्हणालो, “म्हणूनच.”

शनिवारी थिएटर खच्चून भरलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. दिवे गेल्यावर मी हळूच उठलो आणि जुन्या सवयीने पडद्यामागे स्टूल ओढून पाठ करून बसलो. पियानोवाल्या बाई वाजवत होत्या. सोफ्यावर हसले. बशांना हसले. मला सगळं तोंडपाठ, आता शिडी, आता कलेल.

आणि पियानो थांबला. बाईंची बोटंच थांबली म्हणे. सगळं थिएटर गप्प. एक श्वासभर कुणी काही नाही. मला वाटलं, झालं, नऊ वर्षांपूर्वी मी तुला जे खोटं सांगितलं ते आज खरं झालं.

मग पहिलं हसू आलं, उजवीकडून, मधल्या रांगांतून, कुणा जाड्या गृहस्थाचं असणार. आणि त्याच्यामागून सगळं थिएटर कोसळलं! ताई, असं हसू मी ऐकलेलं नाही. माझ्या पाठीला पडदा थरथरताना लागत होता. मी मोजायला लागलो. चौदा गेले. वीस गेले. एकतीसला मीच हसायला लागलो आणि मोजणी चुकली. इतकी वर्षं माझ्या चित्रावर मी कधी हसलो नव्हतो, कारण मी ऐकायला बसायचो. काल नुसता हसलो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पुढचे दोन प्रसंग कुणी पाहिलेच नाहीत. लोकांनी ओरडून चित्र थांबवायला लावलं आणि तेवढा भाग पुन्हा दाखवायला लावला. दोनदा!

सत्काराला थिएटरचे मालक म्हणाले, “असा पडणारा पुन्हा होणे नाही.” हार पुढे केला. मी मागे सरलो.

“तो पडणारा मी नाही,” म्हणालो. “ती माझी थोरली बहीण. तुम्ही आत्ता वेणी पाहिलीत ना? ती खरी आहे. मिशी खोटी.”

मालक कुजबुजले, “अहो, गंमत पुरे.”

“गंमत नाही. मी तिसऱ्या पायरीवर घाबरतो.”

मागून कुणीतरी ओरडलं, “चढून दाखवा!” मग काय, सगळेच सुरू झाले. विंगेतून शिडी आली. मी चढलो. एक. दोन. तिसरीवर पाय ठेवला आणि जो गारठलो म्हणतेस, वरही जाईना, खालीही येईना. दोन्ही हातांनी शिडीला मिठी. मालक खालून म्हणतात, “या, या, सावकाश.” मी म्हणतो, “तुम्ही जा, मी इथेच राहतो.” शेवटी दोन कामगारांनी मला पोत्यासारखा उतरवला. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. अभिनयात जे मिळालं नाही ते भीतीने मिळालं. आणि तो हार मी गळ्यात घातला नाही, नुसता घरी आणला. माझ्यासमोर टेबलावर आहे, फुलं अजून ताजी आहेत, पण तुझ्यापर्यंत टिकणार नाहीत.

बाहेर पडताना कंपनीचे मालक भेटले. सोफ्याचं काही बोलले नाहीत. म्हणाले, “नवीन पोरंपोरी येतात, नुसती धडपडतात, पडता कुणालाच येत नाही. तुमच्या बहिणीला विचारा. येतील का शिकवायला?” मी म्हणालो, “विचारतो, पण माझं ऐकणार नाहीत.” ते म्हणाले, “मग आमच्यातर्फे विचारा.” तर हे त्यांच्यातर्फे. तिथे चढायला शिडी दुसऱ्यांना आहे. तू खाली खुर्चीवर बसायचं आणि ओरडायचं. ते तुला जमतंच.

चित्राच्या सुरुवातीच्या पाटीवर आता दोन नावं आहेत. तुझं वर आहे. काकांनी बघितलं आणि म्हणाले, “नऊ वर्षं लागली होय रे गाढवा?” मोजलंच त्यांनी.

माफी मागत नाही. ती तू द्यायची तेव्हा दे. पण खरं काय झालं ते तुला माझ्या हातचं लिहिलेलं मिळालं पाहिजे, म्हणून हे पत्र.

तुझ्या पडण्यावर आजवर उभा राहिलेला,
तुझा धाकटा

ता. क. सोमवार सकाळ. पाकीट चिकटवणार तेवढ्यात थिएटरचा दरवान आला. म्हणाला, “साहेब, तुमचा पास घेऊन शनिवारी एक बाई आल्या होत्या. डाव्या भिंतीकडची कडेची खुर्ची मागितली, डावा पाय वाकत नाही म्हणून. ती वेणी दिसली ना, तेव्हा सगळ्यांत आधी त्याच हसल्या. काय हसू हो! जाताना विचारलं, साहेबांना बोलावू का, तर म्हणाल्या, त्याने ऐकलं असेल.”

ताई, नाही ऐकलं. पुढच्या वेळी माझ्या उजवीकडे बस. डाव्या कानाने मला गेली दोन वर्षं काहीच ऐकू येत नाही.