दिसला नाही, असं लिही

अवधपुरी, भोपाळ
१६ फेब्रुवारी १९९४

चि. वंदना,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तू पुण्यात बरीच असशील. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, लागतं.

थंडी ओसरली. शेजारच्या मिश्राइनला नात झाली, तर लाडू वाटावेत की नाही यावर त्या घरात खलबतं चालली होती. मी जाऊन मागून आणले. तू धाडलेला स्वेटर आजोबांना घट्ट होतो. मी घालते.

आजोबांचा ताप उतरला. पंधरवडाभर अंथरुणात होते, गच्ची बंद. पण उपग्रहाचं गणित बंद नाही. तुला ठाऊकच आहे, त्यांचा तो रशियाचा उपग्रह हळूहळू खाली उतरतो, म्हणून लवकर लवकर येतो. डोळ्यांनी बघून घड्याळ जुळवलं नाही तर पुढची वेळ चुकते. मी म्हटलं, राहू द्या आता. तर म्हणाले, "मी नाही बघितला म्हणून काय झालं? पुण्यात वंदना बघतेय ना!" तुझ्या कार्डांवरूनच पुढच्या वेळा काढल्या, तुलाही कळवल्या. तुझं प्रत्येक कार्ड सारखंच. 'दिसला, अगदी तुमच्या वेळेला.'

बरे झाल्यावर सोमवारी ते पहिल्यांदा वर जायचे होते. मी आधी कपडे काढायला गेले, तर समोरून उपग्रह चालला. गोविंदपुऱ्याच्या धुराड्यांवरून, न लुकलुकता, सरळ. तो दिसेनासा झाल्यावर हे वर आले. मफलर, दुर्बीण, घड्याळ, सगळा सरंजाम.

"गेला तुमचा पाहुणा," मी म्हटलं.

"विमान असेल. वेळ व्हायचीय अजून."

"विमानाला लाल दिवा असतो."

"तू दुसरी पास."

"दुसरीवाल्यांचं आकाश वेगळं असतं का?"

ऐकतात कुठले! मान अवघडेपर्यंत उभे राहिले. मिश्राइन खालून ओरडली, "दादाजी, आज तारा छुट्टी पर है क्या?" एरवी तिला उलट टोला हाणतात. त्या दिवशी तसेच जिना उतरले.

शनिवारी तुझं कार्ड आलं, त्याच सोमवारचं. 'दिसला, अगदी तुमच्या वेळेला.'

त्यांनी ते उलटून पालटून वाचलं. म्हणाले, "तिला दिसला, म्हणजे आला होता. माझेच डोळे गेले." दुर्बीण मफलरीत गुंडाळली आणि कपाटात वरच्या फळीवर टाकली.

तेव्हापासून खुर्चीत बसलेत. रेडिओ लावतात, ऐकत नाहीत. पूर्वी जेवताना त्या उपग्रहावरून माझं डोकं खायचे, मी म्हणायची, गप्प बसा हो. आता बसलेत. संध्याकाळी मी कपडे काढायला वर जाते. कपडे दुपारीच वाळलेले असतात.

तू न बघताच खोटं लिहितेस हे मी त्यांना सांगितलेलं नाही. डोळे गेले तर ते निभावून नेतील. तू गेलीस तर नाही. नोकरीत दमत असशील, म्हाताऱ्याचं मन राखलंस. मन राखायला घरात मी आहे, आणि मीसुद्धा ते काम करत नाही.

तेव्हा एक कर. दिवे लागायच्या वेळी गच्चीवर जा. गच्ची नसेल तर रस्त्यात उभी राहा, लोक हसले तर हसू दे. वेळ मला विचारू नकोस, ज्यांना विचारायची ते सांगायचे थांबलेत. नुसती थांब. दिसला तर घड्याळात बघ आणि तेच लिही. ढग आले, विसरलीस, कंटाळून खाली आलीस, तर तेही लिही. आणि त्या सोमवारचंही लिही, तुझ्या हाताने.

'दिसला नाही' एवढंच आलं तरी दुर्बीण फळीवरून खाली येईल. मग मला परत डोकेदुखी. असू दे.

कार्ड आजोबांच्या नावाने टाक. मला वेगळं नको, मी त्यांचंच वाचते.

तुझी आजी
(डोळे शाबूत)