पिठाच्या गोळ्या

३ फेब्रुवारी
दिवसभर सशाच्या लिंगातल्या मांसाची पट्टी कोमट मिठाच्या पाण्यात टांगून बसले. औषधाचा थेंब पडला की पट्टी सैल पडते. सैल पडली की रक्त भरतं — आणि पुरुष जन्मभर उलटं समजून कुंथत बसतात! ससा शहाणा. घरच्या नमुन्यावर मात्र कशाचाच परिणाम नाही.

९ फेब्रुवारी
चाचणीला आलेल्या पुरुषांना आज दम भरला. छातीत दुखून दवाखान्यात नेलं, तर पहिलं वाक्य हेच — मी ही गोळी घेतो. कारण तिथे जिभेखाली हृदयाची गोळी ठेवतात, आणि आमची पोटात असली तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठत नाही. एकेकाकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. एक मिशीवाले काका पुटपुटले, "सून शेजारी उभी असली तर?"
"मग मरा," म्हटलं. सगळे हसले. काकाही.

१६ फेब्रुवारी
नवरा रडला! चक्क उशीत तोंड खुपसून. "तुझ्याकडची एखादी गोळी दे ना. नाहीतर डॉक्टरला तरी दाखवू." कशाला? मी काय झक मारायला शिकले? म्हटलं, तुला काही झालेलं नाही, सगळं डोक्यात आहे.
उद्या खोटी गोळी आणून देते. चाचणीत अर्ध्या लोकांना तीच देतो. तोच पिवळा रंग, तीच कडू चव, आत नुसतं पीठ.

२ मार्च
चालली! पिठाची गोळी चालली! स्वारी न्हाणीघरात गाते आहे, बेसूर. मला नव्या चपला आणल्या. "जादू आहे गं तुझ्या हातात!" मी तोंडात पदर कोंबून हसले.
बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू. किती दिवसांनी कुणी असं जवळ घेतलं. पण हसूच जास्त आलं.

८ मार्च
अजून सांगितलं नाही. राखून ठेवलंय.

१५ मार्च
मोठे दीर आणि जाऊबाई जेवायला आले. दादासमोर ह्याची नेहमी मान खाली, पण हल्ली अंगात वारं शिरलंय. "हिचं काम म्हणजे काय? ससे कापायचे!" दीर खो खो हसले. माझं टाळकं सरकलं.
"सशांना निदान खरं औषध देते. ह्याला नुसतं पीठ चारते, तरी उड्या मारतोय!"
मग सगळंच सांगितलं, उशीतल्या रडण्यापासून. जाऊबाई ताटात बघत राहिल्या. दीरांना हसता हसता ठसका लागला. "अरे, पिठावर चालतोस होय! गिरणीच टाक की!"
हाही हसला. कान लालबुंद. मग उठून सगळ्यांना पाणी वाढलं.

१६ मार्च
बोलत नाही. फुगू दे.

२९ मार्च
घरचा नमुना पुन्हा गार. पिठाचा गुण संपला, संपणारच. खरी गोळी आणू का, विचारलं. "तुझ्याकडचं काही नको." आलाय मोठा मानी!

११ एप्रिल
आज कमाल! सुट्टी होती. दुपारी स्वतःहून जवळ आला. नंतर छाती फुगवून म्हणतो, "बघ, गोळी नाही, पीठ नाही, काही नाही." मला हरवल्याचा केवढा आनंद! आता घामाघूम होऊन पडलाय, छाती चोळतोय. म्हणे अपचन. वयाला झेपेल तेवढंच करावं माणसानं!

१४ एप्रिल
गेला.
त्या दिवशी वही मिटली तोच हाक आली. दीर धावत आले, त्यांच्याच गाडीतून नेलं. डॉक्टरांनी ह्यालाच विचारलं, "ताकदीची गोळीबिळी घेतलीये का? लाजू नका." हा दादांकडे बघत राहिला. शेवटी उत्तर मीच दिलं. हसले — खरंच हसले! "नाही हो डॉक्टर, मी त्याच विषयातली आहे. ह्यानं फक्त पीठ खाल्लंय." तशाही स्थितीत दीर फिसकन हसले. डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली. मग रक्तदाब पडला तो पडलाच.
हृदयाच्या नळ्या केव्हाच्या बुजत आल्या असणार, डॉक्टर म्हणाले. अशांची पहिली तक्रार बरेचदा खालीच दिसते, तुम्हाला तर ठाऊकच असेल.
ठाऊक आहे. दरवर्षी शिकवते. मग मी ह्याला म्हणाले काय — डोक्यात आहे!

२ मे
आज त्याचं दाढीचं सामान आवरलं. ब्रशखाली गोळ्यांचं पाकीट. आमच्या चाचणीतलं नाही, दुकानातून आणलेलं. खरं औषध. एक गोळी काढलेली.
डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो शुद्धीत होता. दादा शेजारी उभे होते. आणि मी हसत होते.