तुळशीची उलटी फेरी

नानाखेडा, उज्जैन
१४ डिसेंबर २०२४

चि. सौ. गौरीस सासूचा आशीर्वाद, घेणार असशील तर.

अक्षर तुझ्या लेकीचं, बोल माझे. अश्लेषाला बजावलंय, आजी म्हणेल ते सगळं लिहायचं, मधे नाक खुपसायचं नाही. फोनच करणार होते. पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर? कागद कसा, फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

इकडे सगळं एकदम ठीक. तुझा नवरा सकाळी पोहे करतो. मीठ असं घालतो की माझं बीपी मोजायची गरजच उरत नाही. फ्रीगंजच्या बाजारातून वॉकर आणलाय. कोपऱ्यात उभा असतो. घरात तो एकटाच नीट उभा राहतो. व्यायामवाला सौरभ म्हणतो, "दादी, कोशिश तो करो." मी म्हटलं, "भैया, तू कर, मैं देखती हूँ."

खरं सांगू? काही ठीक नाही. पडल्याला महिना झाला, मी एकदाही उभी राहिले नाही. लकव्यात उजवं अंग गेलं तेव्हा तू मला चालवलंस. ह्यांचं जुनं उपरणं माझ्या कमरेला बांधायचीस, मागून घट्ट धरायचीस आणि वर, "आई, पाय उचला, म्हैस बसलीय का त्यावर?" आता माझा यशोधन काखेत हात घालून ओढतो. खांदा निखळतोय असं वाटतं. मी रडते, तो सोडून देतो. मग सगळं पलंगावरच. मुलगा आईचं करतो, मान वळवून. मी भिंतीकडे बघते.

सौरभ म्हणाला, अशाच पडून राहिलात तर पाय आखडतील, मग कोणाच्या हातात काही राहणार नाही. महाकालाला म्हटलं, बाबा, उभं कर नाहीतर उचल. त्याच्याकडे गर्दी फार, माझा नंबर कुठला लागतोय.

आता ते अंगणाचं. अश्लेषा, लिही.

त्या दिवशी मी तुळशीपाशी पडले. यशोधनला सांगितलं, गौरीने अंगण धुतलं नि ओलंच ठेवलं. तो तुला नको ते बोलला. "आई जड झाली होती तर तसं सांगायचं होतंस." तू पिशवी भरलीस आणि ग्वाल्हेरला भावाकडे निघून गेलीस. पोरीची बारावी, म्हणून तिला ठेवून गेलीस. मी पलंगावरून सगळं ऐकत होते. हात-पाय गेले होते माझे, जीभ नाही.

अंगण कोरडं होतं, गौरी.

सौरभने शिकवलं होतं, वळायचं ते चांगल्या अंगाकडे, डावीकडे. तूही रोज घोकून घ्यायचीस, आणि एकट्या उठू नका, असंही. पण डावीकडे वळत गेलं की तुळशीला उलटी प्रदक्षिणा होते. सत्तर वर्षांत कधी घातली नाही. तू दूध बघायला आत गेलीस, मी हळूच उठले आणि सुलटी फेरी धरली, उजवीकडे वळत. अर्ध्यात पाय मागे राहिला, मी पुढे गेले.

खरं कळलं असतं तर अंगणाचं दार बंद झालं असतं मला. म्हणून तुझं नाव घेतलं. देवाला भ्याले, तुला नाही भ्याले. चुकीचं माणूस निवडलं.

अश्लेषाचं पेन थांबलंय. माझ्याकडे बघत नाहीये. बरोबर आहे तिचं. यशोधन बँकेतून आला की हेच त्याला वाचून दाखवायला लावणार आहे, माझ्यासमोर.

परत ये म्हणायला मला तोंड नाही. उपरणं खुंटीवर आहे. दुसऱ्या कोणाला हात लावू दिलेला नाही.

सही मला येत नाही, तुला ठाऊक. अंगठा उठवायला घरात शाई नव्हती, देव्हाऱ्यातलं कुंकू मागवलं. उजवा हात उठत नाही. डाव्या हाताने कुंकू घेत नाहीत, हेही सत्तर वर्षं पाळलं. आज घेतलं.

तुझी अपराधी,
अहल्या
(डावा अंगठा)